धर्मग्राम आणि वाटेवरची कुटुंबे

आजचा विषय वरवर पाहिला तर एका धर्मसमाजापुरता वाटेल. ख्रिस्ती धर्मग्राम म्हणजे काय, तेथे चालते काय, आणि पोटामागे गाव सोडून आलेल्या कुटुंबांशी त्याचा संबंध कोणता, एवढेच मला सांगावयाचे आहे. पण गाव सोडणे हे काही एका धर्माच्या माणसांचे दुखणे नव्हे. ज्या घरातले कोणी ना कोणी मुंबईला, पुण्याला किंवा उसाच्या फडावर गेलेले नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. तेव्हा ही हकीगत शेजाऱ्याची असली, तरी ऐकताना ती आपलीच वाटावी अशी आहे.

आधी शब्दांचा उलगडा करून घेऊ. शहरात ज्याला 'पॅरिश' म्हणतात त्याला वसईकडचे मराठी कॅथलिक लोक 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. एक चर्च, त्याच्याभोवतीचा ठरवून दिलेला टापू, त्या टापूत राहणारी माणसे आणि त्यांच्यासाठी नेमलेला धर्मगुरू, एवढे मिळून धर्मग्राम होतो. गावाला जशी शीव, तशी धर्मग्रामालाही शीव असते. या रस्त्यापर्यंत आमचा, नाल्यापलीकडे शेजारचा. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याच्यावर बिशप असतात. वसईचा धर्मप्रांत असाच १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. प्रॉटेस्टंट पंथांत 'मंडळी' हा शब्द रूढ आहे आणि तिच्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. मंडळी प्रामुख्याने माणसांनी बनते, तर कॅथलिकांचा धर्मग्राम माणसांबरोबर जमिनीनेही बनतो. हा फरक ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता गंमत पाहा. 'पॅरिश' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला तो 'पारोइकिया'. 'पारोइकोस' म्हणजे जो घराच्या जवळ राहतो पण घरचा नाही, गावात असतो पण गावाचा नाही, असा माणूस; आपल्या भाषेत उपरा. 'पारोइकिया' म्हणजे उपऱ्यांचा मुक्काम. पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक स्वतःला या जगातले वाटसरू समजत, म्हणून त्यांनी आपल्या मेळ्याला हे नाव घेतले. पुढे चर्चे दगडी झाली, शिवा पडल्या, जमिनी आल्या, मानपान आले. आणि उपऱ्यांच्या मुक्कामाचे नाव पिढ्यान्पिढ्या एका जागी राहणाऱ्या स्थायिकांच्या संस्थेला चिकटले. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पार उलटला. माझे आजचे सांगणे एवढेच आहे, की नवे स्थलांतरित कुटुंब चर्चच्या दारात उभे राहते तेव्हा धर्मग्रामाला त्याच्याच नावाचा मूळ अर्थ विचारला जातो.

धर्मग्रामाचे रोजचे जीवन कसे असते? रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, हा त्याचा कणा. त्याशिवाय मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, तरुणांची व स्त्रियांची मंडळे, गायकवृंद, सणाची तयारी, जमाखर्चाची समिती असा सगळा पसारा असतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. मयत झाले की घंटा वाजते आणि टापूतली माणसे कामे टाकून येतात. भांडणे असतात, पुढच्या बाकांसाठी रुसवेफुगवे असतात, वर्गणीवरून कुरबूर असते. थोडक्यात, गाव म्हटले की जे जे आले ते सारे येथेही आहेच.

पण धर्मग्रामाची खरी स्मरणशक्ती असते ती त्याच्या वह्यांत. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद ठेवणे सक्तीचे केले. ही पद्धत आजही चालू आहे, आणि तिच्यात एक बारकी सोय आहे. समजा, श्रीरामपूरकडच्या एका मुलाचा बाप्तिस्मा गावी झाला आणि तो नोकरीसाठी पिंपरीला गेला. तेथे त्याचे लग्न ठरले, तर पिंपरीचे फादर गावच्या चर्चकडून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवतात. लग्न लागले की ते गावी तसे कळवतात, आणि गावच्या जुन्या वहीत त्या मुलाच्या नावासमोर समासात लग्नाची ओळ लिहिली जाते. माणूस शेकडो मैल गेला तरी त्याच्या नावापुढची हकीगत गावच्या कपाटात वाढतच असते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात ना, त्यांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे.

ही वही जशी आधार देते तशीच ती दारही लावते. ज्याच्याजवळ दाखला आहे तो आपला, ज्याच्याजवळ नाही तो कोण जाणे कोठला! ट्रेंटच्याच परिषदेने फिरस्त्या लोकांची लग्ने लावताना धर्मगुरूंनी नीट चौकशी करावी, घाई करू नये, असे बजावले होते. त्यात तथ्य होते. एका गावी बायको टाकून दुसऱ्या गावी बोहल्यावर चढणारे लोक तेव्हाही होते. पण चौकशीचे रूपांतर संशयात व्हायला वेळ लागत नाही, आणि भटक्याविषयीचा संशय आपल्या समाजात किती मुरलेला आहे हे काय सांगावे?

म्हणून या बाबतीत आजचा नियम काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. कॅथलिक चर्चची सध्याची धर्मसंहिता १९८३ साली अमलात आली. तिच्या हिशेबाने एखाद्या धर्मग्रामात माणूस तीन महिने राहिला, किंवा तीन महिने राहण्याच्या इराद्याने आला, की तो तेथलाच धरला जातो. मूळ गावचे नाते त्यामुळे तुटत नाही. त्याला दोन गावे होतात. ज्याचा कोठेच ठावठिकाणा नाही, त्याचा धर्मगुरू कोण? तर तो माणूस त्या घडीला जेथे आहे तेथला. म्हणजे 'हा आमच्याकडचा नाही' असे म्हणायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय धर्मगुरूने गरीब, पीडित, एकाकी आणि देशोधडीला लागलेली माणसे विशेष काळजीने शोधून काढावीत, असे त्याचे कर्तव्यच सांगितले आहे. ती माणसे आपण होऊन येतील याची वाट पाहा, असे म्हटलेले नाही. नियम चांगला आहे. पण नियम वहीत राहतो आणि माणूस रस्त्यावर. त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम बऱ्याच अंशी प्रवचनाचे आहे.

प्रवचन हा रविवारच्या मिस्सेचा असा भाग आहे, की तसेच मोठे कारण असल्याखेरीज तो गाळता येत नाही. पण प्रवचन नुसते होऊन चालत नाही, ते ऐकणाऱ्याच्या कानात शिरावे लागते. त्यासाठी भाषा ऐकणाऱ्याची पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला, येथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याने ख्रिस्तपुराण छापले. मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. परका होता तो. पण 'तुम्ही माझी भाषा शिका' असे न म्हणता तो लोकांच्या ओवीत शिरला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी नगरकडच्या मंडळ्यांत कीर्तनाची आपली जुनी परंपरा आणली. टाळ-मृदंग, अभंग, आख्यान यांतून येशूची कथा ऐकली, तेव्हा खेड्यातल्या माणसाला ती परकी वाटेनाशी झाली. कॅथलिकांची मिस्सा मात्र तोवर लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि मग मराठी माणसाला वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली.

भाषेचा हा मुद्दा स्थलांतराच्या प्रश्नाशी थेट भिडतो. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी एक मोठे फर्मान काढले. हेरोद राजाच्या भयाने तान्ह्या मुलाला घेऊन मिसर देशात पळालेले योसेफ आणि मारिया यांचे कुटुंब हे सर्व निर्वासित कुटुंबांचे आदिरूप आहे, अशी त्याची सुरुवात आहे. स्थलांतरितांना त्यांच्या भाषेचा धर्मगुरू मिळावा, अशी व्यवस्था त्यात केली आहे. मुंबईसारख्या शहरात आज पाहावे तर इंग्रजी, कोकणी, मराठी, तमिळ, मल्याळम, हिंदी अशा नाना भाषांत मिस्सा होतात. छोटानागपूरकडून घरकामासाठी आलेल्या मुलीला हिंदी उपासनेची वेळ आणि जागा ठाऊक झाली, की परक्या शहरात आठवड्यातला एक तास तिचा स्वतःचा होतो. मातृभाषेतले प्रवचन हा पाहुण्याला दिलेला पहिला पाट आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आणि सांगायला कथा काय थोड्या आहेत? बायबलातली रूथ ही मवाबातली परकी विधवा. ती सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. शेताचे कोपरे पुरते कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबाची आणि उपऱ्याची, असा यहुदी लोकांचा कायदाच होता. आमच्या खेड्यातल्या बायांना 'सरवा' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मालक तिच्या वाट्याला मुद्दाम चार कणसे जास्त पाडायला सांगतो, हा भाग ऐकताना त्यांचे डोळे पाणावतात. पुढे दावीद राजा याच रूथच्या वंशात जन्मला. अशी कथा सांगून झाल्यावर प्रवचनकाराने एक प्रश्न विचारावा: आपल्या शिवारात आज सरवा कोण वेचतो आहे?

हा प्रश्न काही धर्मसमाजांनी आपापल्या परीने सोडवला. गोव्यातून बोटीने, रेल्वेने मुंबईला येणारा खलाशी, आचारी, शिंपी किंवा वाजंत्री उतरे तो आपल्या गावच्या 'कुडा'त. कूड म्हणजे खोली. धोबी तलाव, माझगाव या बाजूला गोव्यातल्या गावागावांचे असे कूड निघाले. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची 'तेर्स', म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि थोडीशी मासिक वर्गणी. जहाज मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर आणि आजारीपणी शेजारी गावचा माणूस. गावाने आपला एक तुकडाच जणू शहरात आणून ठेवला. यांतले काही कूड अजून चालू आहेत. पण कूड ही एकट्या पुरुषाची सोय होती. मागाहून बायकामुले आली की खोली पुरत नाही. मग शाळा लागते, दवाखाना लागतो, पाण्याचा नळ लागतो.

त्या दिशेने पाऊल पडले ते नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून काम करीत होते. गिरण्या आणि गोदी यांच्या आधाराने राहणाऱ्या दाट वस्तीत त्याने १९२७ साली 'नागपाडा नेबरहूड हाऊस' काढले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे प्रमुख. हिंदू, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती असे सगळे शेजारी तेथे येत. शेजाऱ्याला मदत करायची तर नुसती भूतदया पुरत नाही, तिचे शिक्षण घ्यावे लागते, हे तेथे कळून आले. आणि १९३६ साली त्याच जागी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. एका वस्तीच्या काळजीतून देशाला समाजसेवक देणारी संस्था उभी राहिली.

आता शहर सोडून उसाच्या फडाकडे चला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जालना अशा जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन आणि मोजणी हत्याराची! मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. राहायला पाचटाच्या कोप्या. पहाटे काळोखात तोड सुरू होते, गाडी केव्हाही भरायला येते, मग ती रात्र असो की रविवार. शाळेत जाण्याच्या वयाचे पोर कोपीशी बसून धाकट्याला सांभाळते. या लोकांत सगळ्या जातिधर्मांची माणसे असतात. मराठवाडा-नगरकडची काही ख्रिस्ती कुटुंबेही असतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिला अशा कुटुंबांपैकी कित्येक जण श्रद्धेने जातात. आणि यात्रा आटोपली की थोड्याच दिवसांत कोयते पारजायला लागतात.

वरचा तीन महिन्यांचा नियम येथे लावून पाहा. हंगाम चालतो पाच-सहा महिने. म्हणजे कारखाना ज्या धर्मग्रामाच्या शिवेत असेल, ते कुटुंब कायद्यानेच त्या धर्मग्रामाचे झाले! ते त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच. मिस्सा सकाळी आठला, आणि हा माणूस तेव्हा मोळ्या वाहतो आहे. मग उपासनेची वेळ बदलायची की माणसाची गाडी? शहाणपण यात आहे, की आठवड्यातून एक सांज कोप्यांवर जावे, तेथेच चार भजने म्हणावीत, आणि म्हणण्यापूर्वी विचारपूस करावी. पॅरिसमध्ये १८३३ साली काही तरुण विद्यार्थ्यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने एक संस्था काढली. गरिबाला दारात बोलावून न देता आपण त्याच्या घरी जाऊन भेटावे, ही तिची रीत. भारतातल्या अनेक धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. ती रीत फडावर चालण्याजोगी आहे.

विचारपूस म्हणजे काय करायचे? गरोदर बाईचे नाव जवळच्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात आहे का, ते पाहायचे. पोराला हंगामापुरते जवळच्या शाळेत बसवता येते का, साखरशाळा आहे का, की त्याला गावीच हंगामी वसतिगृहात ठेवणे बरे, याचा विचार आईबापांबरोबर करायचा. रेशनचे धान्य आता आपल्या कार्डावर देशात कोठेही उचलता येते, पण ते कसे, हे पुष्कळांना ठाऊक नसते, ते सांगायचे. उचलीचा हिशेब लिहून ठेवायला मदत करायची. यात पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि 'ही आपली माणसे' अशी समजूत.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये मिशनऱ्यांनी अन्नछत्रे आणि कामे काढली, अनेकांचे जीव वाचवले. त्याच सुमारास मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. यातून 'धान्यासाठी धर्म घेतला' हा टोमणा निघाला आणि तो त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही ऐकावा लागला. भुकेल्याने कोणता विचार करून कोणते पाऊल उचलले, याचा निवाडा पोटभर जेवलेल्यांनी करू नये हे खरे. पण मदत करणाऱ्याने आपल्याकडून हिशेब स्वच्छ ठेवावा, हेही तितकेच खरे. फडावर ज्वारीची पिशवी द्यायची ती शेजारच्या कोपीचा देव न विचारता. धर्मग्रामाला शीव जमिनीची असते. त्या जमिनीवर राहणारा प्रत्येक जण शेजारी आहे. जातीचा प्रश्नही असाच घरचा आहे. चर्चमध्ये येऊन जात सुटली असे सांगणे सोपे, पण सोयरीक जुळवताना ती पुन्हा दारात उभी राहते हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. स्थलांतरित कुटुंब बहुधा गरीब आणि खालच्या मानलेल्या जातीचे असते, म्हणून त्याला दोन उंबरे ओलांडावे लागतात.

परकेपणाची किंमत किती मोठी असते, हे २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिले. कामे बंद पडली, खोल्यांची भाडी थकली, आणि माणसे शेकडो मैलांची वाट पायी चालू लागली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळांवर थकून झोपले असताना मालगाडीखाली सापडले. त्या दिवसांत देवळे, गुरुद्वारे, मशिदी, चर्चे आणि साधी गावकरी माणसेही रस्त्यावर भाकरी-पाणी घेऊन उभी होती, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण मनाला टोचणारी गोष्ट अशी, की ही माणसे वर्षानुवर्षे आपल्याच शहरांत, आपल्याच शिवेत राहत होती, आणि ती किती आहेत, कोठली आहेत, हे बहुतेकांना ती निघून जाऊ लागली तेव्हा कळले.

तेव्हा धर्मग्रामाची पारख कशाने करावी? चर्चच्या मनोऱ्याच्या उंचीने नव्हे, सणाच्या रोषणाईने नव्हे. गेल्या हंगामात शिवेत नव्याने आलेल्या किती कुटुंबांची नावे तेथल्या माणसांना ठाऊक आहेत, हे विचारावे. हेच माप कोणत्याही गावाला, चाळीला, सोसायटीला आणि देवस्थानाला लावता येईल. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी कॅथलिक चर्च जगभर स्थलांतरितांचा दिवस पाळते. आपल्याकडे त्यानंतर थोड्याच दिवसांत कोयते बाहेर पडतात आणि बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून कुटुंबे निघतात. त्यांच्या वाटेवर आपलेही गाव लागेल. त्यांतल्या एखाद्या पोराला नाव विचारावे, आणि पुढच्या वर्षी ते लक्षात ठेवावे. सुरुवात एवढ्याने होते.